ॲडमिरल एस. एम. नंदा यांची नौदलातील कारकीर्द कशी होती?

नंदा यांचे बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या ‘मनोरा’ नावाच्या बेटावर गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नौदलात दाखल झाले. पुढे ‘आयएनएस मैसूर’ या क्रूझरचे नेतृत्व आणि मुंबईच्या माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालकपद सांभाळून ते 1970 मध्ये नौदलप्रमुख झाले. 1965 च्या युद्धात नौदलाला फारसा वाव मिळाला नव्हता, ही सल बाळगणाऱ्या नंदांनी 1971 मध्ये थेट कराचीवर हल्ल्याचा आग्रह धरला. किनाऱ्याच्या संरक्षणासाठी घेतलेल्या, कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्र नौका काही अंतर ओढत नेऊन 4 डिसेंबरच्या रात्री हा हल्ला यशस्वीही झाला. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण ही जोखीम पत्करण्यात आहे. 1973 मध्ये ते निवृत्त झाले.