शरण आलेल्या नक्षलवाद्यांना अनुदानातून खरोखर स्थिर उपजीविका मिळते का?

शासन पैसे, घर आणि प्रशिक्षण देते, मग ही माणसे संसाराला लागतात का आणि एखाद्या सामान्य माणसाला त्यासाठी काय करता येईल, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूरचा, आयटीआयमध्ये वेल्डिंगचा शिल्प निदेशक होतो आणि नोकरीतली तीन वर्षे गडचिरोलीत काढली.

महाराष्ट्रात आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे. पदानुसार ठरणारी रक्कम मिळते, परंतु रक्कम म्हणजे उपजीविका नव्हे. नेपाळमध्ये २०१२ च्या सुमारास १५ हजारांहून अधिक माओवादी सैनिकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन शिबिरे सोडली. प्रशिक्षण आणि पुनर्वसनाचा पर्याय अवघ्या सहा जणांनी निवडला. हातात कसब आले तरी काम कोण देणार, हा प्रश्न तिथेही होताच.

माझ्याकडे आलेला एक माडिया आदिवासी तरुण पंधराव्या वर्षी दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेला होता आणि तिथे भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या, बंदुका दुरुस्त करीत असे. त्याचा हात इतका स्थिर होता की पहिल्याच आठवड्यात त्याचा जोड सरळ आणि एकसारखा येऊ लागला. पुढे पोलिसांना कळवून मी त्याला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या दाजींच्या फौंड्रीत लावले. दाजींना सर्व ठाऊक होते. कामगारांना मात्र काही सांगायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. चार महिने त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार आली नाही. मग चौकशीला आलेला एक हवालदार गेटवरच त्याचा पूर्वेतिहास बोलून गेला, दुपारपर्यंत ती गोष्ट मोल्डिंग विभागात पसरली आणि संध्याकाळी दाजींनी महिन्याचा पूर्ण पगार त्याच्या हातात ठेवून उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले.

कामगार बिथरले असते, असे दाजी आजही म्हणतात. मला ते पटत नाही. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना हॉटेलासाठी नुसते भांडवल देऊन हात झटकले असते, तर त्या हॉटेलात कोण गेले असते? महाराज स्वतः उघडपणे तिथला चहा प्याले. दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्याला हार घेऊन जाणाऱ्या दाजींनी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा उघडला असता, तर प्रकरण तिथेच मिटले असते. म्हणून ज्याचा कारखाना आहे त्याने कामगारांना पहिल्याच दिवशी स्वतः सांगावे आणि त्याच्या पंक्तीला बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही तुलना सर्वस्वी बरोबरीची नाही, हे मान्य करतो. गंगाराम कांबळे यांनी कोणावर शस्त्र उचलले नव्हते. शरणागतीने गंभीर गुन्ह्यांचे खटले आपोआप संपत नाहीत, आणि खबरी ठरवून ज्यांची माणसे मारली गेली, त्या गावकऱ्यांवर क्षमेची सक्ती कोणी करू नये. गावी परतलेल्या काही जणांच्या हत्या झाल्या आहेत, त्यामुळे दूरचे काम ही अनेकदा गरज असते.

कारखाना नसणाऱ्यालाही करण्यासारखे पुष्कळ आहे. अनेकांची ओळख दलममधल्या नावानेच असते, म्हणून आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि बँक खाते यांवर एकच नाव लागेपर्यंत त्यांच्याबरोबर कचेरीत जावे. कामासाठी दूर पाठवायचे असेल, तर एकाच भाषेच्या दोघा-तिघांना एकत्र पाठवावे. आमच्या त्या तरुणाला चार महिन्यांत माडियात बोलायला एकही माणूस भेटला नाही. त्याला एकट्यालाच आणण्याची चूक मात्र माझी.