क्विल्टेड कोट : आधी बाईंकडे की आधी कॉलेजात?

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. साधे कपडे शिवता येतात. क्विल्टेड कोट बनवणाऱ्या एक अनुभवी बाई मला हाताखाली घ्यायला तयार आहेत. घरचे म्हणतात, आधी फॅशन डिझाइनची पदवी घे. काय करू?

उत्तर : आधी बाईंकडे जा. प्रवेश पुढच्या वर्षीही घेता येईल. बाई तेव्हा मोकळ्या असतीलच असं नाही. मात्र किती महिने, आठवड्यातले किती दिवस, हे घरच्यांसमोर ठरवून जा.

साधा कोट येतो म्हणून हा कोट जमेलच असं नसतं. वरचं कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर असे तीन पदर एकत्र शिवले की कापड आक्रसतं. आधी बेतून, म्हणजे मापाने कापून, मग टाके घातलेस तर बाही आखूड होते. म्हणून जाणकार मोठा तुकडा घेऊन आधी कच्चे टाके घालतात, मधून कडेकडे शिलाई मारतात आणि मगच बेततात. तू आजच ३० सेंमीचे दोन चौकोन तीन पदरी कर. एकावर दोन-दोन बोटांवर शिलाई मार, दुसऱ्यावर चार-चार बोटांवर. दोन्ही मोज, धू, वाळल्यावर पुन्हा मोज. ते आकडे वहीत लिहून पहिल्या दिवशी बाईंना दाखव. शिकवणाऱ्याला अशी मुलगी फार आवडते!

दुसरी अडचण जोडांची. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो तिथे, सहा पदर एकावर एक आले की काख फुगते, हात वर होत नाही. मायेतला, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेल्या कापडातला, कापूस काढून टाकायचा आणि कडा उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीने बांधायची, हे सांगून कळतं. किती काढायचा ते शेजारी बसून, बोटांनी चाचपूनच कळतं.

बाईंना एक गोष्ट मोकळेपणाने विचार : बेतणं शिकवणार ना? माझ्याकडे आलेल्या एका मुलीने दोन वर्षं सुबक शिलाई केली, पण माप घेऊन कापायची वेळ आली तेव्हा ती अडली. मला त्याचं फार वाईट वाटलं. शिवाय बाईंचे पॅटर्न, म्हणजे बेतायचे कागदी नमुने, पुढे वापरायचे असतील तर परवानगी आधीच माग. दुरुस्तीला आलेले जुने कोट मात्र हक्काने मागून घे. उसवताना आतली सगळी रचना दिसते.

पहिला पूर्ण कोट आईच्या मापाचा शिव. त्याला लागलेले तास रोज लिहून ठेव. पुढे ग्राहकाला दर सांगताना तीच वही लागेल, आणि पदवीच्या प्रवेशाला पोर्टफोलिओ मागितला तर त्यात हा कोट ठेवता येईल.