खान्देशची खरी ओळख कुठल्या शहरात दिसते, जळगाव की धुळे?

तुम्ही लिहिलंय की बदलीसाठी जळगाव आणि धुळे असे दोन पर्याय मिळालेत, ऑफिसातले सगळे जळगाव घ्या म्हणतायत, पण तुम्हाला मुळात हे जाणून घ्यायचंय की खान्देश म्हणतात तो यातल्या कुठल्या शहरात जास्त दिसतो. माझं उत्तर धुळे. माझं गाव धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं आणि कॉलेज जळगावला झालं, त्यामुळे दोन्ही शहरं जवळची आहेत आणि जळगाववर माझा अजिबात राग नाही.

जळगाव मोठं आहे, पैसा आहे, सोन्याचा बाजार आहे, केळी आहे, विद्यापीठ पण तिथेच, सोयी बघून राहायचं असेल तर जळगाव बरं हे मान्यच. पण भाषा घ्या. भुसावळ, यावल, रावेर या बाजूला गेलात की लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटील समाजाची बोली लागते, आणि अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडे वळलात की अहिराणी, खान्देशची म्हणून ओळखली जाणारी बोली, म्हणजे जिल्हा एकच पण बोलीची वाटणी सरळ दिसते, आणि जळगाव शहर त्या दोघांच्या मधे उभं आहे त्यामुळे तिथे बाजारात बहुतेक वेळा प्रमाण मराठी नाहीतर हिंदी ऐकू येते. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव कोणीतरी काढणारच. असोद्याची लेक, जळगावची सून, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण त्यांची बोली लेवा वळणाची, आणि आता तर त्या सगळ्या मराठीच्या झाल्यात, त्यांच्यावरून एका शहराने हक्क सांगावा असं मला वाटत नाही.

धुळ्यात पाच कंदीलला सकाळी भाजी घ्यायला जा. "मेथी कशी दिनी मावशी?" असं अहिराणीत विचारणारा शर्ट-पॅन्टमधला क्लार्क असतो नाहीतर शाळेतला मास्तर, खेड्यातून आलेला माणूसच असेल असं काही नाही, आणि बोलताना कोणी इकडेतिकडे बघत नाही. माझ्या लहानपणी शाळेत अहिराणी बोललं की गावंढळ म्हणायचे, त्यामुळे भर शहरात ती अशी मोकळी ऐकू येणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. शिवाय धुळ्याच्या दक्षिणेला मालेगाव, सटाण्याकडची खेडी नाशिक जिल्ह्यात असली तरी बोलतात अहिराणीच, पश्चिमेला साक्री आणि पुढे नंदुरबारकडे गेलं की भिल्ल, मावची, पावरा लोकांचा मुलूख सुरू होतो, आणि यातली बरीच माणसं दवाखान्याला, लग्नाचा बस्ता बांधायला धुळ्यात येतात. मुंबई-आग्रा आणि सूरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात.

इतिहासाच्या हिशोबाने जायचं म्हटलं तर खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर, फारुकी सुलतानांची आणि नंतर मोगलांच्या सुभ्याची, पण ते आज मध्य प्रदेशात आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नात बसत नाही. इंग्रजांच्या काळात अख्खा खान्देश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्यालय धुळं, 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले तेव्हा जळगाव पूर्व खान्देशचं मुख्यालय झालं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती धुळ्यातून वाहणारी पांझरा नदी आणि तिच्यावरची फड पद्धत, आणि याबद्दल बाहेर कोणी फारसं बोलतच नाही. नदीवर एकाखाली एक असे दगडी बंधारे, काही शेकडो वर्षांपूर्वीचे, त्यातून पाट काढलेला, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पिकं फडाफडांत फिरवायची, आणि बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असायचा म्हणजे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवायची वेळ आली तरी नुकसान सगळ्यांचं सारखं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला गाव मिळून द्यायचं. सरकारच्या हुकुमाने आलेलं हे नाही, शेतकऱ्यांनी आपापसात ठरवून पिढ्यानपिढ्या चालवलं. साक्री तालुक्यात याच्या खुणा अजून दिसतात, बऱ्याच ठिकाणी विहिरी आणि मोटारी आल्यावर मोडलं ते. संस्कृती म्हटलं की लोक फक्त शेवभाजी आणि भरीत सांगतात (भरीत जळगावचंच भारी, त्याबद्दल वादच नाही) पण पाणी वाटून घ्यायची ही रीत मला त्याहून कितीतरी मोठी वाटते.

धुळ्यात बघण्यासारखं काय आहे असंही विचारलंय तुम्ही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या कागदपत्रांसाठी अभ्यासक अजून येतात. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांमधून जमवलेली हस्तलिखितं आहेत. आणि 1932 मधे विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती धुळ्याच्या जेलमधे, ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. गुरुजींची कर्मभूमी मात्र अमळनेर, आणि खरं सांगू का, छोट्या गावांना परवानगी असती तर धुळ्याला टक्कर अमळनेरनेच दिली असती, 1916 पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर, बोरी नदीत वैशाखात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, आणि 2024 चं साहित्य संमेलन पण तिथेच झालं. धुळ्याहून जवळ आहे, एखादा रविवार काढून जाऊन या.

बदली झाली तर दोन दिवस मात्र सुट्टी घेऊन बाहेर कुठे जाऊ नका. एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. दुसरा दिवस कानबाईचा, म्हणजे आमच्या खान्देशी देवीचा, नागपंचमीनंतरचा रविवार. त्या आठवड्यात सूरतहून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते कारण सूरतच्या उधना, लिंबायत भागांत कामाला गेलेली आमची हजारो घरं त्या एका दिवसासाठी गावी परततात. नारळाची कानबाई दागिने घालून चौरंगावर बसवतात, रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी गल्लीगल्लीतून कानबाया वाजतगाजत पांझरेवर निघतात. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पण सोमवारी विसर्जनाला चालत गेलात तर कोणी थांबवणार नाही, उलट फुगडी घालायला ओढतील.