२२ वर्षांच्या गाडीतून ८०० किलोमीटर जावं का?

गाडी पेट्रोलची, २२ वर्षांची, शहरात रोज चालते, पण महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी काढते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडेही अशीच एक आहे. तिच्यातून सात-आठ लांबचे प्रवास केले, त्यातल्या दोन वेळा टोइंगच्या गाडीवर बसून परत आलो. तरी माझं उत्तर 'जा' असंच आहे. मात्र अमुक दिवशी अमुक वाजता पोहोचायलाच हवं असेल, तर सरळ भाड्याची गाडी घ्या. आपली घाई या गाड्यांना कशी कळते कोण जाणे!

तुम्हाला इंजिनाची धास्ती आहे, पण वाटेत रडवतं ते बहुतेकदा रबर. होज पाइप, बेल्ट, टायर. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर नवाकोरा दिसला तरी काढून टाका, स्टेपनीसुद्धा. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, असलेलं इंजिन असेल आणि तो कधी बदलला हे आठवत नसेल, तर बदललेलाच नाही असं धरा. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, मग रस्त्याकडेला करण्यासारखं काही उरत नाही.

आता माझी चूक सांगतो. एकदा निघायच्या आदल्या संध्याकाळी मी हौसेने रेडिएटरचा वरचा होज बदलून घेतला. जुना चांगला होता खरं तर. नव्याची क्लिप नीट आवळली गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी चढावर टेंपरेचरचा काटा वर गेला आणि मग आपोआप खाली आला. मी म्हटलं, चला, गार झाली! प्रत्यक्षात पाणी इतकं गेलं होतं की सेन्सर कोरडा पडला होता. इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलं. तेव्हापासून काय काम करायचं ते दोन आठवडे आधी करतो आणि मग शे-दोनशे किलोमीटर फिरवून येतो. नव्या कामातली खोट तेवढ्यात बाहेर येते.

गरम होण्याचं निदान तुम्हीही करू शकता. ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर आधी रेडिएटरच्या फॅनवर संशय घ्या. उलट असेल, म्हणजे वेगात तापते आणि हळू चालवली की ठीक, तर रेडिएटर चोंदलेला असू शकतो, नाहीतर वॉटर पंप. वाटेत काटा चढायला लागलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. आत भाजून निघाल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, त्यामुळे थांबायला जागा मिळेपर्यंत निभतं. मग इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते उसळून थेट तोंडावर येतं.

बॅटरीचं म्हणाल तर व्होल्ट मोजणारा स्वस्तातला मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १२.५च्या आसपास रेंगाळत असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करत नाहीये आणि गाडी नुसती बॅटरीवर चाललीये. अशा वेळी दिवसा दिवे, एसी, गाणी सगळं बंद ठेवून बरंच अंतर काटता येतं. इंजिन मात्र गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत बंद करू नका, चहासाठीसुद्धा.