पोरगी गाणी लिहिते, वही लपवते

"मॅडम, पोरगी दार लावून बसती. मोबाईलमध्ये कायतरी गुणगुणती, आम्ही गेलो की बंद करती." समुपदेशक म्हणून थोड्याफार फरकानं हे मी दरवर्षी ऐकते, बहुतेकदा अकरावीचे वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले की. कधी मुलगा असतो, कधी मुलगी. पालकांची शंका तीच: हे नैराश्य तर नव्हे? की अभ्यास टाळायची नाटकं?

या लेखातली मुलगी (तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं, तपशील बदलून लिहिते आहे) भुदरगड तालुक्यातल्या एका गावातून कोल्हापूरला सायन्सला आली आणि राजारामपुरीत मामाकडं राहू लागली. दहावीपर्यंत वक्तृत्व स्पर्धेत बोलणारी पोरगी इथल्या वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची. माझ्याकडं वडील, मामा आणि मामी आले. ती बाहेर बाकावर बसली होती.

वडील म्हणाले, "बारावी हुस्तोवर वही माझ्या कपाटात. मग लिही म्हणावं किती लिहायचं ते." मामींचं उलट. "गल्लीच्या गणपतीत स्टेजवर गाऊ दे की ओ. भीड तरी चेपंल." मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांचं मत, "चाल बरी हाय. भाषा तेवढी सुधाराय पाहिजे."

एकाला गाणं कपाटात घालायचं होतं, दुसरीला स्टेजवर चढवायचं होतं. ती काय लिहिते, हे मात्र तिघांपैकी कुणी सांगितलं नाही.

तिनं ते मला बऱ्याच भेटींनंतर दाखवलं. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगची रांग होती. आधी नुसती 'ना ना ना' अशी चाल, मागं कुकरची शिट्टी, कुठं एसटीचा हॉर्न. शब्द नंतर यायचे, वहीत. त्यातल्या एका गाण्याचा मुखडा असा:

"मामाच्या घरात पंखा लावतो,
बटणाचा आवाज केवढा होतो!"

आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण वही एकदा मामांच्या हाती लागली तेव्हा त्यांनी लाल पेनानं 'लावतो'चं 'लावते' करून ठेवलं होतं. यमक गेलं. आणि आपल्याच घरात भाचीला पंखा लावायचाही संकोच वाटतो, ही त्या दोन ओळींतली गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. मामा माणूस प्रेमळ आहेत, म्हणून तर पेन घेऊन बसले. पण तेव्हापासून वही गादीखाली गेली होती.

मी तिला एवढंच विचारलं, की 'केवढा'च्या जागी आधी काय होतं? "मोठा होतं. पण मोठा म्हटलं की नुसता मोठा वाटतो, मी दचकल्यागत वाटत नाही." असं म्हणून तिनं दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. इतका वेळ मान खाली घालून बसलेली मुलगी आता एका शब्दासाठी पुढं सरसावून बोलत होती.

माझ्या मते आत्मविश्वासाचं काम इथंच होतं, टाळ्यांच्या कितीतरी आधी. मनात गोंधळ असतो, तो मुखडा-अंतऱ्यात बसवायचा तर निवड करावी लागते. हा शब्द ठेवायचा, तो काढायचा, चाल इथं वर न्यायची. सतत दुसऱ्यांच्या सूचनांवर चालणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला एवढे निर्णय स्वतःचे स्वतः दुसरीकडं कुठं घ्यायला मिळतात? आणि गाणं पुरं झालं की 'हे मी केलं' याचा पुरावा हातात असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं, की 'मला हे जमेल' ही भावना सगळ्यात पक्की होते ती स्वतः काही तडीस नेल्याच्या अनुभवातून. 'तू हुशार आहेस' असं कुणी सांगून मिळणारा धीर त्यामानानं लवकर ओसरतो. म्हणूनच पालकांच्या 'व्वा, छान'नं फार काही होत नाही.

मग लोकांसमोर गायचं की नाही? गायचं, पण मामी म्हणतात तसं थेट मांडवात नाही. डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये किशोरवयीन मुलांच्या एका सवयीबद्दल लिहिलं: सगळे आपल्याकडंच बघताहेत, असं या वयात वाटत राहतं. हे प्रेक्षक काल्पनिक असतात आणि फार निर्दयी असतात. खरा श्रोता त्यांच्यापेक्षा बरा निघतो, हे मुलाला अनुभवानंच कळतं. त्यासाठी पहिला श्रोता एकच असावा आणि तो मुलानं स्वतः निवडावा.

तिनं वर्गातली एक मैत्रीण निवडली, चंदगडकडची, हॉस्टेलवर राहणारी. रंकाळ्यावर बसून गाणं ऐकवलं. पुढच्या भेटीत आली ती चिडूनच. "म्हणती कशी, दुसरा अंतरा कळलाच नाही!" मग त्या अंतऱ्याची बाजू तिनं माझ्यासमोर अशी काही लढवली, की बाहेरच्या खोलीत बसलेली माणसं आत बघायला लागली. शेवटी एक ओळ बदलली, बाकीच्या ठेवल्या. टीका ऐकायची, त्यातली पटेल तेवढी घ्यायची आणि उरलेली सोडून द्यायची, हे तिला रागारागात जमून गेलं. त्यानंतर हॉस्टेलच्या गच्चीवर चारपाच जणींसमोर गायली. मध्येच आवाज चिरकला, तेव्हा थांबली आणि पुन्हा मुखड्यापासून सुरू केलं. फिजिक्सच्या तासाला एकदा उभं राहून शंका विचारली, हे तिनं मला जाता जाता सांगितलं. केमिस्ट्रीच्या तासाला अजून तोंड उघडत नाही. गाणं म्हणजे जादू नव्हे.

गाणं ऐकायला मिळालंच तर ते फॅमिली ग्रुपवर टाकू नका, हे मी सगळ्याच पालकांना बजावते. हौसेनं टाकलेल्या क्लिपखाली चार अंगठे येतात आणि एक काका लिहितो, 'अभ्यासपण कर.' मग मूल पुन्हा दार लावून घेतं.

वडिलांचा प्रश्न रोखठोक होता. "ह्यातनं पुढं काय?" कोल्हापूरला कलापूर म्हणवून घ्यायला आपल्याला आवडतं. गाण्याबजावण्याचा देवल क्लब 1883 पासूनचा, शाहू महाराजांनी गायक अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. कलाकार मात्र शेजारच्या घरात जन्मावा! मी त्यांना गीतकार जगदीश खेबूडकरांचं उदाहरण दिलं. गांधीहत्येनंतर 1948 च्या जाळपोळीत घर जळालं तेव्हा खेबूडकरांनी सोळाव्या वर्षी कविता लिहिली, आणि पुढं शिक्षकाची नोकरी करत गाणी लिहिली. "आणि नाही झाली ती गीतकार," मी म्हटलं, "तरी तोंडी परीक्षेत तिला तोंड उघडता येईल." हे त्यांना जास्त पटलं.

दुःखी गाण्यांची भीती बऱ्याच आयांना वाटते. या वयात दुःखी गाणी बहुतेक सगळेच लिहितात. नुसतं तेवढं म्हणजे आजार नव्हे. झोप, जेवण, मित्र, कॉलेज याकडं लक्ष ठेवा. हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त बिनसलेलं असेल, गाण्याचीही आवड उरली नसेल, तर तज्ज्ञांकडं या. शब्दांत मरणाचं, निरोपाचं बोलणं आलं तर वाट बघू नका. शांतपणे, सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

घरी शेवटी ठरलं ते असं: रात्री जेवणानंतरचा अर्धा तास तिचा, त्यात कुणी दार वाजवायचं नाही, चाचणीच्या आठवड्यात तो निम्मा. वही तिची, लाल पेन मामांचं. वडिलांनी निघताना विचारलं, "मग आम्ही ऐकायचंच न्हाई का?"

"बोलवंल तेव्हा," मी म्हटलं.

अजून बोलावलेलं नाही. दर रविवारी ते फोन करतात, जेवलीस का विचारतात, आणि गाण्याचं विचारायचं तोंडाशी आलेलं गिळतात, असं मामी सांगत होत्या.