बाग, सालगडी आणि चार बैठका

मावशी, लग्नाला अकरा वर्षं झाली. राहायला इंदिरानगरला. मी पतसंस्थेत, हे अंबडला कंपनीत. निफाडला यांची भावांबरोबर सामाईक द्राक्षबाग आहे. नोव्हेंबर २०२३च्या गारपिटीत ती आडवी झाली. तेव्हापासून यांची प्रत्येक सुट्टी आणि आमची शिल्लक तिकडेच जाते. विषय काढला की हे गप्प होतात, मग गाडी काढून सोमेश्वरकडे निघून जातात. एका समुपदेशक बाईंकडे चारदा जाऊन आलो. तिथे मी म्हटलं, "हा नवरा नाही, भावांचा सालगडी आहे." तर बाईंनी मलाच थांबवलं, यांच्यासमोर! सासूबाई म्हणतात, कोर्टाची पायरी चढलात. भांडणं तर होतातच आहेत. जाणं बंद करू का?

*

तू मावशी म्हटलंस, म्हणून मीही अगंतुगंच करते.

एवढ्यात बंद करू नकोस. पण बाईंनी थांबवलं ते तुला लागलंय, हे पुढच्या वेळी बसल्या बसल्या आधी सांग. समुपदेशकाचा राग तिच्यासमोर बोलता येत नसेल, तर नवऱ्याचा काय बोलणार? आणि ती खोली निकाल देण्यासाठी नाही. कोण बरोबर हे तिथे कुणी ठरवणार नाही. सासूबाईंचीही चूक नाही. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने कोर्टातच समुपदेशक नेमायची सोय झाली, त्यामुळे समुपदेशन म्हणजे घटस्फोटाची तयारी असं पुष्कळांना वाटतं. तुम्ही तर स्वतःहून, रजा टाकून गेलात. ते वेगळं आहे, हे त्यांना त्यांच्या मुलानेच सांगावं.

आता तो शब्द. सालगडी. पत्र वाचताना मीही तिथेच अडखळले. ज्या मातीत तो वडिलांच्या मागे फिरत वाढला, त्या मातीवर तू त्याला वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी केलंस, तेही परक्या बाईसमोर. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं जोडप्यांची भांडणं चित्रित करून तपासली. नातं पोखरणाऱ्या चार गोष्टी त्यांना पुन्हापुन्हा दिसल्या: माणसाच्या स्वभावावरच ठपका ठेवणं, तुच्छ लेखणं, लगेच स्वतःचा बचाव मांडणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. यांत सगळ्यात घातक तुच्छ लेखणं. "सुट्टीला तू नसतोस, मी एकटी पडते," ही तक्रार आहे, ती ऐकता येते. सालगडी हा शब्द ऐकून माणूस एक तर उलटून बोलेल, नाहीतर उठून जाईल. तुझं दुःख खरं आहे गं. पण त्या शब्दामागे ते दिसतच नाही.

त्याचं निघून जाणंही मला मान्य नाही. गप्प बसणाऱ्याला काही वाटत नाही असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशा वेळी नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेलेली असू शकते, आणि त्या अवस्थेत समोरचं बोलणं डोक्यात शिरत नाही. शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. जाऊ दे त्याला सोमेश्वरला. पण "नऊला येतो, मग बोलू," असं सांगून जावं आणि नऊला यावं. न सांगता गेला की तू दारात उभी राहतेस, आणि तो परतेपर्यंत तुझा राग दुप्पट झालेला असतो. हा भाग त्याने शिकायचा आहे, बाईंकडून त्याच्यासाठी हे मागून घे.

भांडणं होतातच म्हणतेस. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे ६९ टक्के वाद कायमचे, न सुटणारे निघाले. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. नणंदांच्या देण्याघेण्यावरून पहिल्या दिवाळीला आमचं वाजलं होतं, गेल्या दिवाळीलाही वाजलं. फरक इतकाच की आता ताटावरून कुणी उठत नाही. निफाडची बागही कुठे जाणार नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत त्याला तिकडे जावंच लागेल, ते तू मान. बाकीच्या महिन्यांतल्या सुट्ट्या घरच्या, हे त्याने मानावं. आणि पैसे? वर्षाला किती द्यायचे तो आकडा आधी तुम्ही दोघांनी वहीत लिहायचा, मगच भावांना शब्द द्यायचा. इथे मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. घरातली शिल्लक तुझ्याही पगाराची आहे.

पत्रात मारहाण किंवा भीती नाही, म्हणून एकत्र जात राहा म्हणते. तसं असतं तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर म्हटलं असतं.

आणखी एक. गारपिटीवर तू एकच ओळ लिहिलीस, तीही पैशांचा हिशेब सांगण्यापुरती. दुसऱ्या दिवशी तो बागेत गेला असेल, तेव्हा त्याने काय पाहिलं, भाऊ काय बोलले, हे त्याला कधी विचारलं आहेस का? पाचव्या बैठकीची वाट बघू नकोस. रात्री पोरं झोपली की विचार, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नकोस.