स्वालबार्डला निघण्यापूर्वी

प्रिय दोस्ता,

स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांवर, जायचं हे ठरलंय, पण बारा जणांची बोट घ्यावी की मोठं जहाज, इथे गाडी अडली आहे असं तू लिहिलंस. छोटी बोटच घे. ती महाग पडते, हलतेही जास्त. पण मोठ्या जहाजावरच्या लोकांना किनाऱ्यावर पाळीपाळीने उतरावं लागतं. बारा जण एका फेरीत उतरतात आणि वॉलरसांचा (सीलसारख्या, लांब सुळ्यांच्या अवाढव्य प्राण्यांचा) कळप दिसला तर तासभर नुसतं बसून राहता येतं. प्राणी पाहायचे तर असा वेळ हाताशी लागतो.

आता ध्रुवीय अस्वलांचं. 1 जानेवारी 2025 पासून तिथे त्यांच्यापासून किती लांब राहायचं ते कायद्याने ठरवून दिलं आहे. मार्च ते जून 500 मीटर, एरवी 300 मीटर. वसंतात अंतर जास्त ठेवण्यामागे कारण आहे. त्या काळात अस्वल बर्फावर सील मारून वर्षाची चरबी साठवत असतं आणि माद्या नुकत्याच पिल्लांना घेऊन बिळाबाहेर पडलेल्या असतात. तुमच्यामुळे एक शिकार हुकली तर तिची भरपाई उन्हाळ्यात होत नाही. त्यामुळे ‘थोडं जवळ घ्या ना’ हे वाक्य बोटीवर कधीही उच्चारू नकोस. 300 मीटरवरचं अस्वल 400 मिलिमीटरच्या लेन्समधून चौकटीच्या रुंदीचा दहावा भागही व्यापत नाही, हे आधीच मान्य करून जा. कॅमेऱ्यापेक्षा चांगल्या दुर्बिणीवर खर्च कर. 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) पुरे. त्याहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण हलत्या डेकवर थरथरते आणि काहीच धड दिसत नाही.

जमिनीवर गाइडकडे रायफल आणि सिग्नल पिस्तूल असतं, पण तुमचं खरं संरक्षण म्हणजे एकत्र राहणं. फोटोसाठी एक जण मागे रेंगाळला की गाइडला दोन ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं. अस्वल दिसलं तर धावायचं नाही, ओरडायचं नाही, सगळ्यांनी एका घोळक्यात बोटीकडे परतायचं. वॉलरसांकडे वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूने, हळू आणि एका रांगेत जायचं. एकानेही मान वर केली की थांबायचं. कळप घाबरून पाण्याकडे सुटला तर पिल्लं मोठ्यांच्या अंगाखाली चिरडतात. आर्क्टिक टर्न (आपल्या सुरय पक्ष्याचा भाऊबंद) डोक्यावर झेपावू लागला तर काठी डोक्याच्या वर धर, तो सर्वांत उंच टोकावरच चोच मारतो. आणि आल्या वाटेने मागे फीर, कारण त्याची अंडी तिथेच उघड्यावर, खड्यांमध्ये असतात.

झोडियाक म्हणजे फुगवलेली रबरी बोट. तिच्यात उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून बॅग आधी पुढे दे. खलाशाचं मनगट धर आणि त्याला तुझं मनगट धरू दे. नुसता पंजा धरला तर ओला हातमोजा निसटतो. आधी रबरी कडेवर पाय, मग तळावर, आणि लगेच खाली बस. जुलैत पारा 5-8 अंशांच्या आसपास असतो, पण झोडियाकमधला वारा आणि तुषार हाडापर्यंत पोचतात. आत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट-पँट. सुती कपडा एकही नको, तो ओला झाला की वाळत नाही. गमबूट गुडघ्यापर्यंतचे आणि एक नंबर सैल घे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तप्रवाह अडतो आणि बोटं आणखीच गारठतात. पँट बुटाच्या बाहेर सोड, नाहीतर पहिलीच लाट आत शिरते.

परतल्यावर उबदार केबिनमध्ये कॅमेरा लगेच उघडू नकोस. बाहेर असतानाच बॅगेची चेन लाव आणि आत आल्यावर तासभर तशीच ठेव, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं.

नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावाला थांबणार असाल तर फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथ गाव येण्याच्या बरंच आधी बंद कर. तिथला रेडिओ टेलिस्कोप दूरच्या आकाशातल्या अतिशय क्षीण लहरी टिपतो, त्यामुळे गावाभोवती 20 किलोमीटरपर्यंत ही बंदी आहे. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून याच गावात आहे. गोव्यातल्या वास्कोहून त्याचा कारभार चालतो. आत जाता येईल अशी आशा धरू नकोस, पण बाहेरून तरी नक्की बघ.

व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच माग. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, तिथे उड्डाण केलं की तू शेंगेनमधून बाहेर पडलेला धरतात. सिंगल एन्ट्रीवर परतीच्या वाटेला नॉर्वेच्या मुख्य भूमीत शिरता येत नाही. विम्यात हवाई सुटका हवीच, कारण लाँगइयरब्येन या तिथल्या मुख्य गावाचं रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सोला न्यावं लागतं.

पैसे भरण्याआधी कंपनीला एक गोष्ट लेखी विचार: बारा जणांमागे गाइड किती? एकच असेल तर दमलेल्या एकासाठी सगळ्यांना परतावं लागतं. दोन असतील तर एक पुढे, एक मागे चालतो आणि गरज पडली तर गटाचे दोन भाग करता येतात. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी बोट शोध.